द्राक्षबागा तुटतायत, मग हेम्पला परवानगी का नको?

निफाडचा शेतकरी: अवकाळी पाऊस, डावणी रोग, त्यात भावही पडलेला. आमच्याकडं माणसं बागा तोडून मका लावतायत. हेम्प म्हणजे धाग्यासाठी न् बियांसाठी लावायची कमी नशेची भांग. उत्तराखंडनं 2018 मध्ये तिचे परवाने दिले, मुख्य अट, टीएचसी (नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांच्या आत. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 14 तशी मुभा देतं. आपलं सरकार का अडून बसलंय? बागेची माती शेणखत, निंबोळी पेंड, जिप्सम घालून आयती तयार, ठिबकही आहे.

मखमलाबादकर: भाऊ, त्या तयार मातीत आणखी काय जिरलंय तेही लिहा की. बुरशीसाठी बोर्डो मारून मारून त्यातलं मोरचूद, म्हणजे तांबं, किती गेलं? तांबं सहजी वाहून जात नाही, वरच्या थरातच साठतं. आणि हेम्प जमिनीतले जड धातू ओढून घेतं, चेर्नोबिलच्या दूषित जमिनीवर ते उगाच लावून पाहिलं नव्हतं. दोरासाठी चालेल. बी खायला विकणार असाल तर आधी माती तपासा. शेणखतानं तांबं जात नाही.

कोर्टाच्या वाटेवर: परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी त्याच कायद्याचं कलम 20. 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. बांधावर पंचनामा करणारा हवालदार टीएचसी मोजत बसणार नाही, दादा.

निफाडचा शेतकरी: म्हणून तर परवाना मागतोय, चोरून लावायचं म्हणत नाही! 2021 पासून हेम्पचं बी, तेल, पीठ खाद्य म्हणून विकायला परवानगी आहे. म्हणजे ते खायचं, पण पिकवायचं दुसऱ्या राज्यानं?

कृषी पदवीधर, सिन्नर: कायदा बाजूला ठेवू. दिवस लहान झाला की हेम्प फुलतं. नाशिक 20 अंश अक्षांशावर, जूनमधला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तास. युरोपातल्या लांब दिवसांना सरावलेलं कमी टीएचसीचं बियाणं इथं गुडघ्याएवढं असतानाच फुलावर येईल, धागा कुठून काढणार? आणि हिमालयातलं गावठी बी घेतलं तर 0.3 ची मर्यादा ओलांडायची भीती. माती सुधारता येते हो, दिवस कसा लांबवणार? वर काळ्या जमिनीत ऑगस्टला पाणी तुंबलं की मुळं सडतात ते वेगळंच.

निफाडचा शेतकरी: हा मुद्दा पटला. पण मग राहुरीच्या कृषी विद्यापीठाला रीतसर चाचणी तरी करू द्या. न लावताच नापास कसं?

मखमलाबादकर: चाचणीला कोण नाही म्हणतंय? तोवर ताग लावा. नत्र मिळतं, पोलिसही येत नाहीत.

निफाडचा शेतकरी: ताग आम्ही हिरवळीचं खत म्हणून गाडतोच की, काका. विकायचं काय ते सांगा.