पाणी कुठून बंद होतं? घरातल्या प्लंबिंगचे अनुभव

मागच्या महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला झोपेतच पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. उठून दिवा लावला तर पावलं पाण्यात. बेसिनखालची कनेक्शनची नळी नटापाशी तुटली होती आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळत होती. तिथला अँगल कॉक, म्हणजे त्या नळीचं पाणी बंद करायची चावी, फिरवायला गेले तर तो जागचा हलेना. बसवल्यापासून त्याला कुणी हातच लावला नव्हता. सगळ्या घराचं पाणी बंद करणारा मेन कॉक कुठे आहे हे फक्त नवऱ्याला माहीत आणि तो प्रवासात. फोन लावून, बॅटरी घेऊन शोधेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात कपाटाच्या खालच्या खणातली सगळी कागदपत्रं भिजली. सकाळी प्लंबर आला आणि त्याने पाच मिनिटांत नळी बदलून दिली.

त्या वीस मिनिटांमुळे हा धागा काढतेय. तुमच्याकडे काय झालं, कसं लक्षात आलं, काय करून पाहिलं आणि काय फसलं ते लिहा. नुसतं "प्लंबरला बोलावलं आणि झालं" नको, त्याने काय केलं तेही सांगा.

*

आमच्याकडे फुटलं काहीच नाही, पण बिल वाढत चाललं होतं. रात्री झोपताना सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा पाहिला तर आकडा पुढे गेलेला. जमिनीखालचा पाइप फुटला असणार असं धरून खणायला माणूस सांगणार होतो. त्याआधी मुलीने सुचवलं म्हणून एकेका ठिकाणचा कॉक बंद करत मीटर पाहत गेलो. फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला आणि मीटर थांबलं.

टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केलं नाही. भांड्यातलं पाणी गुलाबी झालं. टाकीच्या तळाचा रबरी वॉशर कडक होऊन वाकडा बसत होता. आवाज नाही, ओल नाही. भांड्याच्या मागच्या बाजूने केसाएवढी धार उतरत होती, ती बॅटरी तिरकी धरल्यावरच दिसली.

गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर मीटर बघून हे कळणार नाही. मग टाकीत येणारं पाणी बंद करायचं, पातळीपाशी खूण करायची आणि सकाळी बघायचं.

*

थेंब थेंब गळणाऱ्या नळाकडे मी वर्षभर दुर्लक्ष केलं. एक दिवस त्याखाली लिटरचं भांडं ठेवलं. दीड तासात भरलं. म्हणजे दिवसाला १६ लिटर, वर्षाला ५,८४०. त्याच दिवशी वॉशर आणला.

*

मी बावीस वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, नळी नटापाशी तुटली म्हणजे बहुतेक ती बसवताना जास्त आवळली गेली असणार. त्या नटाच्या आत रबरी वॉशर असतो आणि पाणी तोच अडवतो. हाताने घट्ट करायचं, मग पान्याने पाव फेरी, बास. जास्त आवळलेला प्लास्टिकचा नट लगेच फुटत नाही. त्याला बारीक चीर जाते आणि सहा महिन्यांनी, वर्षाने तो रात्री-अपरात्री सुटतो. त्या नटावर टेफ्लॉन टेपही लागत नाही. टेप लागते ती नळाच्या किंवा कॉकच्या आट्यांना. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलट गुंडाळली की बसवताना ती सुटून तोंडाशी गोळा होते आणि लोक म्हणतात टेप हलकी निघाली.

नळ स्वतः उघडणार असाल तर आधी कॉक बंद करा, मग तोच नळ उघडून आतला दाब जाऊ द्या. आणि बेसिनच्या भोकावर फडकं टाका. एवढासा स्क्रू पाइपात गेला की पाच मिनिटांच्या कामाला तास लागतो.

जुन्या फिरकीच्या नळात रबरी वॉशर असतो. तो गळायला लागला की माणूस आणखी जोर लावून बंद करतो. त्याने वॉशर कापला जातो, मग पाणी त्या फटीतून सतत वाहून खालची पितळेची बैठक खाल्ली जाते. बैठक खराब झाली की नवा वॉशरही महिनाभर टिकत नाही. म्हणून गळू लागल्याच्या आठवड्यात वॉशर बदला. अर्ध्या फेरीत बंद होणाऱ्या नळात मात्र वॉशर नाही, सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते आख्खं बदलावं लागतं. जुनं काढून दुकानात घेऊन जा, कारण दांडीची लांबी आणि वरचे दाते जुळले नाहीत तर तुमची मूठ बसणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. तुंबलेल्या पाइपात बाटलीतलं रसायन ओतलं असेल तर प्लंबरला आल्या आल्या सांगा. एका घरी कुणीच सांगितलं नव्हतं. मी बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपची, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या बाटलीसारख्या भागाची, वाटी उघडली आणि ते पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. डाग अजून आहे. ॲसिड आणि ब्लीच तर एकापाठोपाठ कधीच ओतू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

*

वरच्या दादांचं अगदी पटलं. तुंबलेल्या बेसिनवर मी सोडा आणि व्हिनेगर दोनदा घालून पाहिलं. फेस भरपूर आला, पाणी तसंच उभं. दोन्ही एकमेकांना मारतात, तेलकट थर तिथेच राहतो. शेवटी रबरी पंपाने काम झालं, पण तेही चौथ्या दिवशी. तोवर नुसता जोर काढत होते. बेसिनच्या काठाखाली जे लहान भोक असतं, त्यातून सगळी हवा निघून जात होती. तिथे ओला बोळा दाबून धरला आणि तिसऱ्या दणक्याला केसांचा गुंता वर आला.

*

पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास यायचा. फिनाइल ओतून थकलो. कारण एवढंच होतं की ते बाथरूम वापरात नव्हतं. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं आणि तेच वास अडवतं. ते वाळून गेलं होतं. आता आठवड्याला तांब्याभर पाणी ओततो.

*

आमच्या बाथरूमखालच्या घरात छताला ओल आली. सात महिने शेजाऱ्यांशी बोलणं तुटायची वेळ आली होती. दोघांनी येऊन बघितलं आणि दोघांनीही सांगितलं, सगळ्या फरशा काढा.

तिसरे आले ते वयस्कर होते. त्यांनी हातोडी काढलीच नाही. खाली जाऊन त्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली आणि आम्हाला म्हणाले, दोन दिवस हे बाथरूम वापरू नका, पण पाणी चालू राहू द्या. नळाच्या पाइपात दाब सतत असतो, तो फुटला असेल तर तुम्ही वापरा न वापरा, डाग वाढेल. सांडपाण्याचा असेल तर आटेल.

दोन दिवसांनी कड रेघेच्या बोटभर आत गेली होती. मग त्यांनी जाळी बंद करून जमिनीवर दोन इंच रंगीत पाणी दिवसभर उभं केलं. खाली काही नाही, म्हणजे फरशांचे सांधे शाबूत. संध्याकाळी जाळी उघडून ते पाणी जाऊ दिलं. सकाळी छतावर फिकट निळा ठिपका! नहाणी ट्रॅप आणि पुढच्या पाइपाचा जोड सुटलेला. एक फरशी निघाली फक्त. खालच्या काकूंनी स्वतः वर येऊन ते काम पाहिलं आणि जाताना आमच्या आईचा हात धरून बसल्या थोडा वेळ.

ज्यांच्याकडे आत्ता काम चालू आहे त्यांनी प्लास्टर व्हायच्या आत भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, मोजपट्टी भिंतीला लावून. जोड दाब देऊन तपासल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका.

*

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब येतात म्हणून आमच्या आधीच्या भाडेकरूने तिथे प्लग बसवला होता. पाणी तापलं की फुगतं, ते थेंब म्हणजे वाढलेला दाब बाहेर पडणं. ती वाट बंद केली तर टाकी फुटू शकते. आम्ही त्याच दिवशी गीझर बंद केला आणि नवा व्हॉल्व्ह बसवूनच सुरू केला. तुमच्याकडे असं काही दिसलं तर थांबू नका.

*

हे सगळं वाचून आत्ता उठून आमचा मेन कॉक फिरवून पाहिला. गोल चाकाचा जुना आहे. अजिबात हलत नाही. पान्याने जोर लावू का?

*

नको, आतली दांडी पिळून तुटेल आणि मग पाणी बंदच करता येणार नाही. दांडीच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल दोन-तीन थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हाताने एवढंसं बंद करायच्या बाजूला, एवढंसं उघडायच्या बाजूला, असं पुढे-मागे करत सोडवा. पूर्ण उघडला की पाव फेरी मागे आणून ठेवा, मग तो तिथे चिकटून बसत नाही. दांडीपाशी पाणी झिरपायला लागलं तर घाबरू नका, तिथला ग्लँड नट थोडासा आवळा. आणि हे करण्याआधी टाकीजवळचा कॉक चालतो का ते पाहून ठेवा.

*

सुटला! तीन वेळा तेल घातलं. झिरपत होतं, नट आवळल्यावर थांबलं. आता मुलाला आणि आईला तिथे उभं करून एकेकदा बंद करायला लावलं. आईला चाक जड जातंय, तिच्यासाठी पाव फेरीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतो.