१८९८: अमेरिकेचं साम्राज्य ओघात घडलं की ठरवून उभं केलं?

दीपस्तंभ:
स्पेन-अमेरिका युद्धाबद्दल बोलताना एकच कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात, अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका फुटली, हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांनी आगीत तेल ओतलं आणि अमेरिका लढाईत ओढली गेली. मला ही मांडणी अपुरी वाटते. १५ फेब्रुवारी १८९८ च्या त्या स्फोटात २६० हून अधिक माणसं गेली. नौदलाच्या चौकशीत बाहेरच्या सुरुंगावर ठपका आला. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने कोळशाच्या कोठारातल्या आगीची शक्यता जास्त मानली. पण स्फोट कशानेही झालेला असो, त्यातून फार तर क्यूबात सैन्य का गेलं ते कळतं. आशियातली स्पेनची वसाहत असलेलं फिलिपिन्स का बळकावलं, ते कळत नाही.

युद्ध आणि साम्राज्य हे दोन वेगळे निर्णय होते, असं माझं मत आहे. युद्धाला खरं कारण होतं. १८९५ पासून क्यूबात स्वातंत्र्याचा लढा चालू होता. तो मोडण्यासाठी स्पेनच्या जनरल वेलरने खेड्यापाड्यांतल्या लोकांना तटबंदीच्या गावांत कोंडलं आणि उपासमारीने, रोगराईने लाखाहून अधिक माणसं मेली. एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसने टेलर दुरुस्ती करून क्यूबा घशात घालणार नाही, अशी लेखी हमी दिली.

साम्राज्याचा निर्णय त्यानंतरचा. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली तहाच्या बोलणीसाठी पॅरिसला निघालेल्या शिष्टमंडळाला सांगतात, फिलिपिन्समधल्या लुझोन बेटापेक्षा कमी घेऊ नका. ऑक्टोबरमध्ये ते देशात भाषणं करत फिरतात, कुठल्या वाक्याला टाळ्या पडतात ते पाहतात आणि महिनाअखेरीस सगळं फिलिपिन्स मागायला सांगतात. १० डिसेंबरला तह झाला, स्पेनला २ कोटी डॉलर मिळाले. ६ फेब्रुवारी १८९९ ला सिनेटने तो ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. लागणाऱ्या दोन तृतीयांशांपेक्षा एकच मत जास्त! म्हणजे ‘नाही’ म्हणणं शक्य होतं. म्हणूनच जबाबदारीही टळत नाही.

टिपणवही:
दीपस्तंभ, तुमचा क्रम तारखांनीच मोडतो. ‘मेन’ बुडून दहा दिवस होतात तोच, २५ फेब्रुवारीला, नौदलाचे सहसचिव थिओडोर रूझवेल्ट हाँगकाँगला असलेल्या अमेरिकी आरमाराच्या प्रमुखाला, ड्यूईला, तार करतात: कोळसा भरून तयार राहा, युद्ध झालं तर स्पेनचं आरमार आशियाचा किनारा सोडता कामा नये. १ मे रोजी फिलिपिन्सच्या राजधानीजवळ, मनिलाच्या उपसागरात ते आरमार संपलंच. मग मे महिन्यातच सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलाकडे पायदळ का निघालं? जाता जाता जूनमध्ये वाटेतलं स्पेनचं ग्वाम बेट का घेतलं? ७ जुलैला हवाई का जोडून घेतलं? हवाईत तर स्पेनचा शिपाईसुद्धा नव्हता. तिथल्या राणी लिलिउओकलानी यांना १८९३ मध्येच पदच्युत केलं होतं.

समुद्रावर सत्ता हवी तर कोळशाचे तळ हवेत, हे अमेरिकी नौदलाचे अधिकारी आल्फ्रेड महॅन १८९० पासून लिहीत होते. १८९३ च्या मंदीनंतर कारखानदारांची नजर चीनच्या बाजारपेठेवर होती. सिनेटचं मतदान झालं तेव्हा मनिला सहा महिने अमेरिकेच्या ताब्यात होती. ज्या गोष्टीवर आधीच पाय रोवलाय, तिच्यावरचं मत कितीसं मोकळं असतं?

किनारा:
दोघंही स्पेनला फार सहज सोडताय. अमेरिका उतरली नसती तर क्यूबात आणखी किती मेले असते? १९०२ मध्ये क्यूबा प्रजासत्ताक झाला. फिलिपिन्समध्ये १९०१ साली ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० शिक्षक गेले, १९०७ मध्ये निवडून आलेली विधानसभा बसली आणि १९३४ च्या कायद्याने ठरल्याप्रमाणे १९४६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. शेजारी इंडोनेशियात डच आणि व्हिएतनाममध्ये फ्रेंच कसे वागले, तेही बघा.

रानपाखरू:
किनारा, हे वाचून संताप आला. फिलिपिन्सने १२ जून १८९८ लाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. फिलिपिनो क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो याच्या सैन्याने मनिला वेढली होती. १३ ऑगस्टला स्पॅनिश आणि अमेरिकी सेनापतींनी आधी ठरवून लुटूपुटूची लढाई केली, शहर अमेरिकेला मिळालं आणि ज्यांचा देश त्यांना वेशीबाहेर अडवलं. ४ फेब्रुवारी १८९९ ला, सिनेटच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, अमेरिका आणि फिलिपिनो यांच्यात दुसरं युद्ध पेटलं. त्यात लढाई, दुष्काळ आणि पटकी यांनी दोन लाखांच्या आसपास नागरिक गेले असं मानतात.

डिसेंबर १९०१ मध्ये अमेरिकेच्या जनरल बेलने फिलिपिन्सच्या बटांगास प्रांतातल्या लोकांना हुकूम दिला: २५ तारखेच्या आत ठरवून दिलेल्या छावण्यांत या, बाहेर राहिलेली माणसं शत्रू समजली जातील आणि बाहेरचं धान्य जप्त किंवा नष्ट होईल. वेलरच्या ज्या पद्धतीविरुद्ध युद्ध पुकारलं, तीच पद्धत चार वर्षांच्या आत! शाळांचं कौतुक करताना हे आधी सांगायला हवं.

आणि क्यूबाचं ‘स्वातंत्र्य’? अमेरिकी काँग्रेसची प्लॅट दुरुस्ती क्यूबाच्या राज्यघटनेत घातल्याशिवाय अमेरिकेचं सैन्य हलणार नव्हतं. तिने अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क दिला आणि १९०३ मध्ये क्यूबातलं ग्वांतानामो नौदलाच्या तळासाठी अमेरिकेला भाड्याने गेलं. १९३४ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली, तळ आजही तिथेच आहे.

किनारा:
बटांगासचं समर्थन मी करणार नाही. पण याच अमेरिकेत साम्राज्यविरोधी संघ उभा राहिला, लेखक मार्क ट्वेन आणि उद्योगपती कार्नेगी त्यात होते. १९०२ मध्ये सिनेटच्या समितीने अत्याचारांवर साक्षी घेतल्या. फिलिपिन्सच्या समर बेटावर दहा वर्षांवरच्या सर्वांना मारायला सांगणाऱ्या जनरल स्मिथवर लष्करी खटला झाला. वेलरवर कुठला खटला झाला?

रानपाखरू:
स्मिथला शिक्षा काय झाली तेही लिहा. समज दिली आणि निवृत्त केलं. समर बेटावर मेलेल्यांच्या घरच्यांनी याला न्याय म्हणायचं का?

दीपस्तंभ:
टिपणवही, तुमचा हवाईचा मुद्दा मजबूत आहे, पण मी मत बदलत नाही. मनिलावर हल्ल्याची योजना असणं वेगळं आणि ७,००० बेटांचा देश ठेवून घेणं वेगळं. जिंकलेलं शहर तहाच्या वाटाघाटीत परत करता येतं, असं इतिहासात कितीदा झालंय. तुम्ही सगळं आधीच ठरलेलं होतं म्हणालात की मॅकिन्ली आणि ते ५७ जण सुटतात, आणि ते मला मान्य नाही.

शिवाय हा हिशोब मिटलेला नाही. कॅरिबियन समुद्रातलं स्पेनचं प्वेर्तो रिको बेट त्याच तहात घेतलं. १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ते अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. १९१७ मध्ये नागरिकत्व मिळालं. तरी बेटावर राहणारा नागरिक आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही आणि काँग्रेसमधल्या त्याच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा अधिकार नाही. किनारा, तुमच्या यादीत प्वेर्तो रिको कुठेच का नाही?