वॉशिंग्टनच्या डॉलरची कड कोरी, मदत हवी आहे

मामेभाऊ न्यू जर्सीहून येताना राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतली एक डॉलरची काही नाणी घेऊन आला. २००७ च्या या नाण्यांवर साल आणि टांकसाळीचं अक्षर दर्शनी भागावर नसतं, कडेवर कोरलेलं असतं. जेफरसनच्या कडेवर ते स्पष्ट दिसतं. वॉशिंग्टनची कड मात्र गुळगुळीत! त्या साली काही वॉशिंग्टन असेच कोऱ्या कडेचे सुटले होते, हे माहीत आहे. पण कोणी कानस मारली असेल तर? सोनाराकडे वजन केलं, ८.१ ग्रॅम भरलं, म्हणजे बरोबर. व्यासही मोजू का? २६.५ मिमी हवा ना? आणखी काय तपासू? आई चिंचेने घासायला निघाली होती, कसंबसं थांबवलं. डाग तसेच ठेवू ना?