प्रोजेक्टरच्या आधी लाइटबिल विचारा

वर कोणीतरी विचारलंय की गावच्या झेडपी शाळेला दहावीच्या बॅचतर्फे प्रोजेक्टर द्यावा की सरळ रोख पैसे. माझं मत, आधी तिथल्या सरांना नाहीतर बाईंना फोन करा आणि विचारा की नक्की अडलंय कुठे. बऱ्याचदा उत्तर प्रोजेक्टर नसतंच हो, ते असतं थकलेलं लाइटबिल, प्रिंटरचा टोनर, नेटचा रिचार्ज, आणि हे सगळं शिक्षक गुपचूप स्वतःच्या खिशातून भरत असतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं बसवायचं, आणि तेही वेळेवर आलं तर. एका शाळेत पाहिलंय, टीव्हीवर देणगीदारांची नावं ऑइलपेंटने झकास रंगवलेली आणि मीटर कापलेलं.

अमेरिकेत डोनर्सचूज म्हणून शाळांना देणगी मिळवून देणारी संस्था आहे, २००० साली ब्रॉंक्समधल्या चार्ल्स बेस्ट या शिक्षकाने काढलेली, तिथे शिक्षक स्वतःच लागणाऱ्या वस्तू मांडतात आणि संस्था पैसे त्यांच्या हातात न देता सामान विकत घेऊन थेट शाळेत पाठवते. हे मला फार पटलं, उगाच हिशोबावरून कोणी बाईंकडे बोट दाखवायला नको.

आपल्याकडे रोखच द्यायचे तर शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात टाका, पावती घ्या, ठरावात नोंद करायला लावा. आणि प्लीज, फोटोसाठी पोरांना उन्हात ताटकळत ठेवू नका, तेवढा कार्यक्रम कॅन्सल करा.