मदत हवी आहे : आयप्टेशिया माजलाय, त्यात कोळंब्यांनी झोआ खाल्ले

दादरला राहते. तीन फुटी, साधारण १८० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दोन वर्षं झाली. क्लाउन माशांची जोडी, एक गोबी मासा, आणि मऊ पोवळी : मशरूम, झोआ, एक केनिया ट्री. कठीण पोवळी ठेवत नाही, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती भानगड नको.

जानेवारीत झोआच्या नव्या तुकड्याबरोबर काचेसारखं, तपकिरी झाक असलेलं फुलासारखं काहीतरी आलं. मला वाटलं, फुकटात अ‍ॅनिमोन मिळाला! कौतुकाने खायलाही घातलं. आठ झाले तेव्हा कळलं की हा आयप्टेशिया, तणासारखा माजणारा अ‍ॅनिमोन. मग शहाणपणा केला : ब्लेडने खरवडले. बुडाचा कण दगडावर राहिला तरी त्यातून नवा उगवतो म्हणे. पंधरा दिवसांत आठाचे चाळीस! रक्तबीजाची गोष्ट लहानपणी ऐकली होती, घरात पाळेन असं वाटलं नव्हतं.

आयप्टेशिया खातात असं दुकानदाराने सांगितलं म्हणून दोन 'पेपरमिंट' कोळंब्या आणल्या. तीन आठवडे झाले. आयप्टेशिया जसाच्या तसा, आणि झोआची तीस तोंडं होती त्यातली दहा उरली. रात्री टॉर्च मारला तर दोघी त्यांच्यावरच बसलेल्या.

भरीस भर म्हणजे मे महिन्यात लग्नाला साताऱ्याला गेलो आणि इकडे पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला. परत आलो तर पाणी ३२ अंशांवर. गोबी गेला, केनिया ट्रीचा लगदा झाला, नायट्रेट ४०. आयप्टेशिया मात्र टवटवीत.

सासूबाई म्हणतात, चौपाटी पाच मिनिटांवर आहे, तिकडे जाऊन बघत जा की.

आता सगळे दगड काढून उकळू का? आणि आयप्टेशियाला चुन्याचं इंजेक्शन देतात तो पानवाल्याकडचा चुना चालतो का?

खारंपाणी :
उकळू नका, ताई! झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर नाकातोंडात जातं. अशाने अख्खी घरं दवाखान्यात गेल्याचे प्रकार झालेत. दगड घासतानाही हातमोजे आणि चष्मा घाला.

चुना तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय ते पानवाल्यालाही ठाऊक नसतं. शुद्ध पूड घ्या, आरओच्या पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवा, पंप बंद करून सिरिंजने त्याच्या तोंडावर हळूच सोडा. डिवचलंत तर अंग आत ओढून घेतो. एका वेळी पाच-सहाच करा, पीएच चढतो. अर्ध्या तासाने पंप चालू.

एक सांगा, कोळंब्यांना पाठीवर कुबड आहे का? डोळे मोठे, लालवर पांढऱ्या ठळक रेघा?

प्रश्नकर्ती :
आहे! चांगलं ठसठशीत.

खारंपाणी :
मग ती पेपरमिंट नव्हेच, कॅमल. ती झोआ खाते. पेपरमिंट जरा पारदर्शक असते, अंगावर लाल रेघा. बाजारात दोन्ही एकाच नावाने खपतात. आधी त्यांना बाहेर काढा. चाळीस म्हणजे चुन्याने दमाल, बर्गिया मिळाली तर बघा. ती समुद्री गोगलगाय आयप्टेशियाशिवाय काही खात नाही. पण कोळंबी असेपर्यंत सोडू नका, तीच गट्टम होईल. दोन-तीन महिने तरी लागतात, आणि खाणं संपलं की ती उपाशी मरते, तेव्हा पुढे कुणाला द्यायची ते ठरवून ठेवा.

मिठागर :
नायट्रेट ४० म्हणजे आयप्टेशियाला खतच. खाणं निम्म्यावर आणा, दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला. चिलरला पर्याय म्हणून पंखा लावाल, पण आपल्या दमट हवेत त्याने एक-दोन अंशच उतरतात. त्यापेक्षा तापमान वाढलं की फोनवर कळवणारा अलार्म घ्या, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा.

प्रश्नकर्ती :
दोघांचे आभार. काल कोळंब्या पकडायला बाटली कापून, आत खाणं ठेवून सापळा लावला. सकाळी बघते तर आत क्लाउन. आज पुन्हा लावते.