ड्रोनच्या मॉडेलात १,७०० घनमीटर भराव जास्त, चुकलं काय?

काळीमाती_यवतमाळ:
दारव्ह्याकडे साठवण तलावाच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. पाळ ४१० मीटर. दर पंधरवड्याला ड्रोन उडवतो. फोटोंवरून बनलेलं मॉडेल डिझाइनवर ठेवलं की कुठं किती काम झालं ते रंगात दिसतं. ऑफिसात याला ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे कामाची कॉम्प्युटरातली जुळी प्रत, म्हणतात. जूनपर्यंत सगळं जुळत होतं. दसऱ्यानंतर काम पुन्हा लागलं आणि पहिल्याच उड्डाणात भराव आला ३८,६०० घनमीटर. ऑटो लेव्हलनं (उंची मोजायच्या दुर्बिणीनं) घेतलेल्या आडव्या छेदांवर ३६,९००. ठेकेदार म्हणते ड्रोनचा धरा, साहेब म्हणतात एमबीत (बिलाच्या मोजमाप पुस्तकात) लेव्हलचाच जाईल. मी मधात. मॉडेल चुकलं की माझी रीडिंग?

जुना_मोजणीदार:
१,७०० ला क्षेत्रफळानं भागा ना. सरासरी २५ मीटर रुंदी धरली तर साडेसोळा सेंमी निघते. एवढं तर गवतच असते बाप्पा! फोटोच्या सर्व्हेला वरचं दिसते, बुडातली माती नाही. लिडार (लेसरनं मोजणारं) असतं तर थोडे किरण तरी पात्यांमधून खाली गेले असते.

धुऱ्यावरचा:
गवतावर ढकलण्याआधी कंट्रोल पॉइंट बघा, म्हणजे ज्या मोजलेल्या खुंट्यांवर मॉडेल बसवता ते. काळ्या मातीतले खुंटे उन्हाळ्यात बसतात, पावसात माती फुगली की वर येतात. सांडव्याच्या काँक्रीटवर लेव्हल लावा. तिथंही १६ सेंमीच फरक आला तर पॉइंट हलले. जुळलं तर गवत.
बाकी, पंधरा दिवसांतून एकदा काढलेल्या फोटोला ट्विन म्हणायला माझी जीभ वळत नाही. राष्ट्रीय महामार्गांवर २०२१ पासून दर महिन्याला ड्रोनचा व्हिडिओ लागतो, म्हणून काय तो ट्विन झाला? तुमची सीओटी (पाळीखालचा पाणी अडवणारा चर), पाळीतली फिल्टरची रेती झाकली गेली, ती ड्रोनला आता कधीच दिसणार नाही. त्या-त्या थराचे फोटो, घनतेचे रिपोर्ट मॉडेलला जोडले असतील तर बोला.

काळीमाती_यवतमाळ:
जोडले नाहीत. सीओटीचे फोटो माझ्या मोबाइलात पडून आहेत.
सांडव्यावर फरक २ सेंमी. मग उतारावर तीन जागी विळ्यानं गवत कापून लेव्हलची पट्टी (स्टाफ) धरली: जमीन मॉडेलपेक्षा १४, १७ आणि ११ सेंमी खाली. उरलेला घोळ माथ्यावर. त्या दिवशी सकाळी डंपरनं मुरूम ओतला होता, रोलर फिरायचाच होता, अन् मी साडेदहाला ड्रोन उडवून मोकळा.
ठेकेदाराला सांगितलं तर म्हणते, ‘गवतबी माह्याच पाळीवर उगवलं ना साहेब, लावा बिलात.’