पंधरा वर्षांच्या आइस हॉकी खेळाडूचे मूल्यमापन कसे करावे?

रंकाळाकाठ (कोल्हापूर):
माझा भाचा कॅनडात वाढला असून तो सेंटर, म्हणजे आघाडीचा मधला खेळाडू म्हणून खेळतो. त्याचे वय पंधरा, जन्म नोव्हेंबरचा. गेल्या हंगामात संघात सर्वाधिक गोल त्याचेच होते. यंदा वरच्या संघात गेल्यावर ते निम्म्यावर आले आणि ताई-दाजी हवालदिल झाले आहेत. सामन्यांचे पूर्ण चित्रीकरण मला मिळते, परंतु आम्हा कोल्हापूरकरांची नजर फुटबॉलला सरावलेली असल्याने गोलांखेरीज काय पाहावे, ते उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बावडेकर (सध्या टोरांटो):
आधी आकड्यांची फोड करावी. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, तसाच त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही मिळतो. त्यामुळे साथीदार उत्तम असले की कोणाचीही बेरीज फुगते. प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, म्हणजे पॉवर प्लेमध्ये मिळालेले गुण वेगळे काढावेत. यंदा तो कितव्या फळीत, म्हणजे आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या आघाडीच्या कितव्या तुकडीत आहे?

जन्ममहिना तर मुळीच नजरेआड करू नये. तेथील वयोगट १ जानेवारीपासून मोजले जात असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा दहा महिन्यांनी मोठा असूनही याच्याच गटात खेळतो, आणि वरच्या संघांत वर्षारंभी जन्मलेल्यांचा भरणा असतो, हे रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी क्रमाने तरुण खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेची वयोमर्यादा मात्र १५ सप्टेंबरला ठरते. म्हणजे नोव्हेंबरच्या मुलाला स्वतःला सिद्ध करण्यासाठी उलट एक हंगाम अधिक मिळतो.

शाहू स्टेडियम गॅलरी:
मी येथे मुलांना फुटबॉल शिकवतो. जन्ममहिन्याची सबब मला फारशी पटत नाही. घरच्यांनी ती एकदा धरली की मुलगाही धरतो. पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) त्याच्या स्टिकवर येण्याच्या क्षणभर आधी चित्रीकरण थांबवा आणि त्याने मान वळवून मागे पाहिले आहे का, ते तपासा. आमच्याकडेही पायात चेंडू आल्यावर विचार करू लागणारा पोरगा वरच्या गटात अडकतोच. पक हातून गेल्यावर सेंटर आपल्या गोलपर्यंत जोराने परततो का, की शिफ्ट, म्हणजे बर्फावरची त्याची छोटी पाळी संपत आल्यावर नुसता घसरत राहतो, तेही पाहावे.

बावडेकर:
हे मान्य. तरीही पंधराव्या वर्षी छातीठोक निकाल देऊ नये. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला अलेक्झांडर डेग अपेक्षेला उतरला नाही, तर १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर निवडलेल्या पावेल दात्स्युकने पुढे डेट्रॉइटकडून दोनदा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद जिंकले.

रंकाळाकाठ:
आपणा दोघांचे आभार. तो तिसऱ्या फळीत आहे आणि पॉवर प्लेवर त्याला उतरवत नाहीत. मान वळवून पाहण्याची सवय त्याला आहे, परतीची धावही चुकवत नाही. मात्र डावीकडे वळताना गुडघे सरळ होतात आणि वेग मरतो.

बावडेकर:
मग गोलांची चिंता सोडून उन्हाळ्यात स्केटिंगचा स्वतंत्र प्रशिक्षक पाहावा. या वयात गुडघ्यांचा दोष सुधारतो. मागे पाहण्याची सवय लावणे अधिक अवघड असते.